मानमोडीनंतरची माय

आमच्या भागातल्या जुन्या माणसांना वय विचारले, की ‘मानमोडीच्या आधीचा’ किंवा ‘मानमोडीनंतरचा’ असे उत्तर मिळे. मानमोडी म्हणजे १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. आज वाशीम जिल्ह्यात असलेले किन्हीराजा त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते आणि वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडलेला होता.

जूनमध्ये ही साथ मुंबईत दिसली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेली दुसरी लाट जीवघेणी ठरली. आगगाडीच्या वाटेने ती आतल्या मुलखात पोचली. त्यातच पावसाने दगा दिलेला, धान्य महागलेले. देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली आणि मध्यप्रांत-वऱ्हाडला फार मोठा तडाखा बसला.

एरवी साथ म्हातारे आणि लेकरे नेते. या साथीने वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसे नेली, त्यांतही बाया अधिक. १९२१ च्या जनगणनेतही याची नोंद आहे. घरातल्या आजाऱ्यांची उस्तवार तिनेच करायची, सर्वांच्या शेवटी जेवायचे आणि ताप अंगावर काढायचा. मग दुसरे काय होणार?

मागे राहिली ती आईविना पोरे. कापूस वेचणीला आलेला, चूल थंड, तान्हे रडते आहे. अशा घरात दुसरी बाई आणणे ही हौस नव्हती, गरज होती. ज्या जातींत पाटाची चाल होती, तिथे साथीतलाच विधुर आणि साथीतलीच विधवा एकत्र येत. जिथे ती नव्हती, तिथे बारा-तेरा वर्षांची मुलगी एकदम तीन लेकरांची आई होई. मुलीच्या लग्नाचे वय किमान चौदा ठरवणारा शारदा कायदा झाला १९२९ साली.

माझ्या आजोबांची आई मानमोडीत गेली. नंतर आलेल्या आईला ते ‘धाकटी माय’ म्हणत. तीही साथीत नवरा गमावून, पहिल्या घरची मुलगी कडेवर घेऊन आली होती. आजोबा सांगत, “तिनं मले कधी मांडीवर घेतलं नाही, पण उपाशीही निजू देलं नाही.” भाकरीचे तुकडे ती सर्वांना सारखे करी. स्वतःच्या मुलीला मोठा तुकडा नाही आणि सवतीच्या पोराला लहान नाही.

सुरुची आणि कैकेयी यांच्या कथांवर वाढलेल्या आपल्याला सावत्र आई दुष्टच वाटते. अमेरिकेतला विल्यम मॅक्सवेल हा लेखक याच साथीत आईला मुकला, पुढे त्याच्याही घरी सावत्र आई आली. त्या मृत्यूवर त्याने १९३७ साली कादंबरी लिहिली. वऱ्हाडातल्या धाकट्या मायांवरही कोणी लिहावे.

घरात नव्वदीचे कोणी असेल, तर त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून काय ऐकले ते आजच विचारून घ्या. कोतवाल बुकात मेलेल्यांची नोंद होई, बहुधा नुसता ‘ताप’ असे कारण लिहून. मागे राहिलेले पोर कोणी जगवले, याला त्या वहीत रकाना नव्हता.