शर्यतीचं इंजिन सिग्नलवर उभं राहतं तेव्हा

शर्यतीतलं तंत्रज्ञान पुढे आपल्या गाड्यांत येतं, असं कंपन्या नेहमी सांगतात. हे कितपत खरं, ते एका गाडीवरून पाहू या. २०१७ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात मर्सिडीजने जाहीर केलं, की फॉर्म्युला वनचं हायब्रिड इंजिन रस्त्यावरच्या गाडीत बसवायचं. गाडीचं पुढे ठरलेलं नाव ‘एएमजी वन’. संख्या फक्त २७५.

इंजिन केवळ १.६ लिटरचं. पण त्यात मेख आहे. ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या ऊर्जेची वीज बरेच हायब्रिड करतात. इथे टर्बोच्याच दांड्यावर एक मोटर आहे, ती धुराबरोबर निघून जाणाऱ्या ऊर्जेचीसुद्धा वीज करते. इंग्लंडात ब्रिक्सवर्थला बनणाऱ्या त्यांच्या फॉर्म्युला वन इंजिनाने त्याच वर्षी चाचणीत, इंधनातली निम्म्याहून अधिक ऊर्जा कामी लावून दाखवली. मोठीच मजल ही!

मग घोडं अडलं कुठे? तर सिग्नलवर. गाडी उभी असताना इंजिन नुसतं सुरू राहतं ना, त्याला गॅरेजवाले आयडलिंग म्हणतात. शर्यतीच्या इंजिनाचं आयडलिंगच मिनिटाला ५००० फेऱ्यांच्या आसपास. ते १२०० वर आणायचं, आणि वर युरोपचे धुराचे नियमही पाळायचे. शिवाय शर्यतीत तेल-पाणी आधी गरम करून मगच इंजिन सुरू करतात. इथे मालक थंडीत नुसतं बटण दाबणार. पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत २०२३ उजाडलं.

ॲरिस्टॉटलचे वाचक असलेल्या आपल्याला याचं नवल वाटू नये. वस्तूचा चांगलेपणा तिच्या प्रयोजनावर ठरतो, असं तो म्हणतो. मोजक्या शर्यती पळून निवृत्त होणाऱ्या इंजिनाच्या प्रयोजनात रांगेत तिष्ठणं नव्हतंच. ते मागाहून शिकवावं लागलं आणि त्यासाठी कमाल फेरेही ११,००० पर्यंत उतरवले. (एवढं करून नुसत्या विजेवर ही गाडी जाते १८ किलोमीटर. असो.)

तरी कंपन्यांचा दावा अगदीच पोकळ म्हणता येत नाही. टर्बोवरच्या मोटरची कल्पना त्याच कंपनीच्या चार सिलिंडरच्या, मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांत आली, साध्या रूपात. म्हणजे उतरली ती कल्पना. अख्खं यंत्र उतरवायला गेलं की असा घोळ होतो.

आणि गंमत बघा, हीच मोटर महाग आणि किचकट म्हणून फॉर्म्युला वनच्या २०२६ च्या नियमांतून वगळली गेली. शर्यतीतून ती गेली. या पावणेतीनशे गाड्यांत मात्र राहिली.