धर्म पसरतो कसा? एका संगणकीय खेळाच्या निमित्ताने

गेल्या दिवाळीत माझ्या बहिणीचा नातू निपाणीला आला आणि दवाखान्यातल्या रिकाम्या बाकावर लॅपटॉप उघडून बसला. पुण्यात दोन मित्रांबरोबर तो एक व्हिडिओ गेम तयार करतो आहे. खेळणाऱ्याने एक धर्म स्थापन करायचा आणि तो नकाशाभर पसरवायचा, असा तो खेळ. प्रत्येक गाव म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक धर्माला एक रंग. प्रचारक पाठवायचे, निम्म्याहून अधिक लोक वळले की ठिपक्याचा रंग बदलतो. सगळा नकाशा आपल्या रंगाचा झाला की जिंकलात.

याची पूर्वपरंपराही त्याने मला दाखवली. ‘सिव्हिलायझेशन’ नावाची एक जगप्रसिद्ध खेळमालिका आहे. तिच्या २००५ च्या चौथ्या आवृत्तीत सात धर्म आहेत. जो राजा ‘ध्यान’ ही विद्या आधी मिळवील त्याच्या राज्यात बौद्ध धर्म जन्मतो. २०१६ च्या सहाव्या आवृत्तीत तर दोन धर्मांचे प्रचारक समोरासमोर आले की विजा कडाडतात, आणि जो हरेल त्याच्या धर्माचा त्या मुलखातला प्रभाव घटतो. या दोन्ही याद्यांत जैन धर्म नाही. पोराने विचारले, “अज्जा, आपला धर्म घालायचा झाला तर नियम काय ठेवू?”

मी त्याला सांगितले, थोडा वेळ दे. आम्हा होमिओपॅथीवाल्यांना रोग्याची सगळी हकीकत ऐकल्याशिवाय औषध सुचत नाही. म्हणून आपल्याच भागाची हकीकत पुन्हा काढून बसलो. तीच आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात हलशीपासून करू. आज खानापूर तालुक्यातले हे गाव आपल्याला भूवराह-नरसिंहाच्या देवळामुळे माहीत आहे. पाचव्या-सहाव्या शतकांत ते कदंबांचे पलाशिका होते. तिथे सापडलेल्या ताम्रपटांत जिनालयाला दिलेली दाने आहेत. रविवर्मा या राजाने एका गावचे उत्पन्न लावून दिले ते दोन गोष्टींसाठी. कार्तिकात आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव व्हावा, आणि पावसाळ्याचे चार महिने तपस्व्यांच्या अन्नाची सोय व्हावी. कोणाला जैन करा, असे राजा सांगत नाही. चार महिने पाऊस आहे, साधू चालू शकत नाहीत, त्यांना जेवू घाला, एवढेच सांगतो. त्याच घराण्यातल्या मृगेशवर्म्याने एका गावाचे तीन वाटे केले. एक अर्हंताच्या देवालयाला, एक श्वेतपट संघाला आणि एक निर्ग्रंथ संघाला. म्हणजे एकाच ठिपक्यात तीन रंग, आणि तेही राजाच्याच हाताने भरलेले.

बेळगावच्या किल्ल्यात या. कमल बस्तीतले छताचे कमळ आपण सगळ्यांनी मान वर करून पाहिले आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य आणि त्याचा मंत्री बीचिराज यांच्या काळातले, १२०४ चे हे काम. तेव्हाच्या लेखांत रट्ट जिनालयासाठी शुभचंद्र भट्टारकांच्या हाती दिलेल्या दानांची नोंद आहे. पुढच्या काही दशकांत रट्ट गेले, देवगिरीचे यादव आले. बस्ती राहिली. त्याच तटाच्या आत साफा मशीद आहे, दारापाशी दुर्गेचे देऊळ आहे, रामकृष्ण आश्रम आहे. पोराला मी विचारले, बाबा, या किल्ल्याला कुठला रंग देशील? तो म्हणाला, “बहुमत कोणाचं?” हा प्रश्न आपल्या सीमाभागात किती वेळा आणि किती नकाशांवर विचारला गेला आहे, हे तुम्हांला मी सांगायला नको.

त्याच्या नियमांना जुळणारी हकीकतही कर्नाटकात आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. हावेरी जिल्ह्यातल्या अब्लूरच्या शिलालेखात एकांतद रामय्याची कथा कोरलेली आहे. या शिवभक्ताने जैनांशी पैज लावली, स्वतःचे मस्तक कापून शिवाला वाहिले आणि सातव्या दिवशी ते पुन्हा धडावर आले, असे लेख सांगतो. पैज हरूनही जैन ऐकेनात, तेव्हा त्याने जिनमूर्ती मोडली आणि बिज्जल राजाने त्याला जयपत्र दिले. ही हरलेल्या बाजूची गोष्ट आहे, आणि ती बाजू माझी. तरीही मला त्यात खरेपणा वाटतो तो मस्तकाचा नव्हे, जयपत्राचा. राजाचा शिक्का मिळाला की धर्माचा नकाशा बदलतो, हे बाराव्या शतकातल्या माणसालाही ठाऊक होते.

पण आमचा धर्म गेल्या शंभर वर्षांत पुन्हा चालू लागला तो शिक्क्यावर नाही. ती हकीकत निपाणीपासून हाकेच्या अंतरावरची आहे. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमाजवळचे भोज गाव. तिथल्या पाटील घराण्यातले सातगौडा, जन्म १८७२. त्यांनी १९२० मध्ये यरनाळला मुनिदीक्षा घेतली आणि ते शांतिसागर झाले. त्या काळी दिगंबर मुनी मोजकेच उरले होते. गावात शिरताना अंगावर वस्त्र घ्यायचे आणि कोणाकडे जेवायचे ते उपाध्यांनी आधीच ठरवायचे, अशी रूढी पडली होती. शांतिसागरांनी दोन्ही सोडले.

यातली दुसरी गोष्ट दिसायला लहान आहे. मुनी दिवसातून एकदाच आहाराला निघतात. मागत नाहीत, बोलत नाहीत. मनात काही नेम धरलेला असतो, तो जुळला तरच थांबतात, नाहीतर उपाशी परततात. आता घर आधी ठरलेले नाही म्हटल्यावर गल्लीतल्या प्रत्येक घराला तयार राहावे लागते. पाणी ताजे आणि गाळलेले, पीठ त्याच दिवशीचे, घरातली माणसे व्रतस्थ. मुनी एकाच दारी जेवतात, पण त्या सकाळी चाळीस घरे बदललेली असतात.

हे मी पुस्तकात वाचलेले नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना आमच्या गावी एक मुनी आले होते. माझी आई धुतलेले लुगडे नेसून, हातात कलश घेऊन तीन दिवस दारात उभी राहिली. तिन्ही दिवस ते समोरून पुढे निघून गेले. चौथ्या दिवशी ते गाव सोडून गेले. आईने त्यांच्यासाठी म्हणून रात्रीचे जेवण सोडले होते, ते पुढे मरेपर्यंत तिने घेतले नाही. (पित्ताच्या रोग्यांना मी आजही आईचाच सल्ला देतो, धर्म न विचारता.)

शांतिसागरांचा संघ १९२७ मध्ये पायी सम्मेदशिखरजीकडे निघाला, पुढे दिल्लीपर्यंत गेला. १९५५ मध्ये कुंथलगिरीला त्यांनी सल्लेखनेने देह ठेवला. उत्तर हिंदुस्थानात आज जे दिगंबर मुनी दिसतात त्यांतल्या अनेकांची परंपरा भोजच्या या शेतकऱ्याशी जाऊन मिळते. एक भाग मात्र मला अवघड जातो. मुंबई राज्याचा हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा जैन मंदिरांना लागू होऊ नये म्हणून १९४८ पासून तीन वर्षे त्यांनी धान्य वर्ज्य केले. जैन मंदिरे हिंदू मंदिरांत गणू नयेत, ही त्यांची भूमिका मला कळते. पण ज्याने चाळीस दारे उघडली त्यानेच एका दाराशी उपास मांडावा, हे पचत नाही. पोराला मी हेही खेळात घालायला सांगितले.

धर्माचा खेळ करणे आपल्याकडे नवे नाही. सापशिडी मुळात तोच खेळ होता. मराठीत त्याला मोक्षपट म्हणत आणि परंपरा तो ज्ञानेश्वरांशी जोडते. गुजरात-राजस्थानातल्या जैनांच्या पटांवर बहुधा चौऱ्याऐंशी घरे असत आणि वरच्या टोकाला सिद्धशिला. त्या पटावर मुलूख जिंकायचा नसतो. सोंगटी म्हणजे एक जीव, साप त्याच्या कर्माचे. शेजाऱ्याची सोंगटी वर गेल्याने माझी खाली येत नाही.

पोराने रंग काढून टाकले आहेत. आता त्याच्या खेळात प्रचारक नाही, फक्त चालणारा आहे. तो आठ महिने चालतो, चार महिने थांबतो, आणि गावाने दार उघडले तरच पुढे जातो. परवा त्याचा फोन आला. “अज्जा, खेळून पाहणारे विचारतात, यात जिंकायचं कसं?” मला अजून उत्तर सुचलेले नाही. मी त्याला एवढेच विचारले, की मुनी समोरून निघून गेले तर त्या घराचे काय होते, हे तुझ्या खेळात दिसते का? तो म्हणाला, ते अजून केलेले नाही, करतो.