शोकपदके आणि फ्लॉरेन्समधील कोल्हापूरची छत्री

राजघराण्यातील लोकप्रिय व्यक्तीच्या निधनानंतर तिची मुखप्रतिमा कोरलेली पदके पाडण्याची प्रथा युरोपात जुनी आहे. ब्रिटनचे राजे तिसरे जॉर्ज यांची नात शार्लट हिचे ६ नोव्हेंबर १८१७ रोजी प्रसूतीनंतर वयाच्या २१व्या वर्षी निधन झाले. मूलही मृत जन्मले. सिंहासनाचा सरळ वारस हरपला आणि देश शोकात बुडाला. तिच्या स्मरणार्थ रुप्याची, ब्राँझची तसेच सामान्यांना परवडणारी स्वस्त पांढऱ्या धातूची पदके निघाली. (आदल्याच दिवशी, ५ नोव्हेंबरला, इकडे खडकीची लढाई झाली होती. लंडनची वार्ता येथे पोहोचण्यास तेव्हा काही महिने लागत.)

मराठी मुलखात ही प्रथा रुजली नाही. शिवराईवर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' ही अक्षरेच आढळतात, राजाचा चेहरा नाही. मृत राजाची आठवण येथे समाधी वा छत्री उभारूनच जपली गेली. या परंपरेचा एक विलक्षण नमुना मात्र इटलीत आहे.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासास गेले. इंग्लंडची भेट आटोपून परतत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे विशीचे. दहनविधी तेथे अपरिचित होता. तरीही नगर प्रशासनाने अनुमती दिली आणि आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर, कास्चिने उद्यानाच्या टोकाशी, हिंदू रीतीने अंत्यसंस्कार झाले. संगमावर दहन, हा योग परक्या भूमीतही जुळून आला.

१८७४ मध्ये त्याच जागी छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, तर आतील रंगीत अर्धपुतळा शिल्पकार चार्ल्स फुलर यांचा. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे वास्तुरचनाकारही मँटच. पदकावर जी मुखप्रतिमा धातूत उतरली असती, ती येथे पगडीसह संगमरवरात आहे. घुमटी मात्र अस्सल देशी धाटणीची. महाराजांच्या प्रवासाची दैनंदिनी १८७२ मध्ये लंडनहून इंग्रजीत प्रसिद्ध झाली.

महाराजांना पुत्र नव्हता. दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज १८८३ मध्ये अहमदनगर येथे निवर्तले आणि पुढील वर्षी शाहू महाराज दत्तक आले. फ्लॉरेन्सवासीयांच्या बोलण्यात राजाराम हे नाव सहसा येत नाही. ते या ठिकाणाला 'इंडियानो' म्हणतात. १९७०च्या दशकात आर्नोवर जवळच बांधलेला पूलही त्याच नावाने ओळखला जातो.