मस्तिष्कावरणशोथ, प्रायोगिक : प्रतिजैविकांची तुलना

जंतुजन्य मेनिंजायटिसवर कोणते प्रतिजैविक किती चालते, हे ठरवण्यासाठी प्राण्यांमध्ये मुद्दाम घडवून आणलेला मेंदूच्या आवरणांचा संसर्ग. रुग्णाच्या पाठीतून दर दोन तासांनी मस्तिष्कमेरुद्रव काढता येत नाही. त्याला औषधाविना ठेवणे तर अशक्यच. म्हणून प्राण्यांचा आधार घ्यावा लागतो.

सर्वांत रुळलेली पद्धत सशाची. ती अमेरिकेत डेसी व सँडे यांनी १९७४ मध्ये मांडली. सशाला भूल देऊन त्याच्या कवटीवर दंतवैद्यकातल्या ॲक्रिलिकची टोपी घट्ट बसवतात. ती चौकटीत अडकवली की डोके हलत नाही. मग मानेच्या वरच्या टोकाशी, लहान मेंदूखालच्या द्रवाच्या पोकळीत सुई घालून न्यूमोकॉकस जंतू सोडतात. १६ ते १८ तासांत दर मिलिलिटर द्रवातली त्यांची संख्या कोटीच्या घरात जाते. त्यानंतर औषध शिरेतून देऊन त्याच पोकळीतून पुनःपुन्हा थोडा द्रव काढतात आणि जंतू किती वेगाने घटले ते मोजतात. सशाचे शरीर बरीच औषधे माणसापेक्षा लवकर बाहेर टाकते. त्यामुळे मात्रा वजनावर नव्हे, रक्तातली पातळी माणसाइतकी राहील अशा बेताने ठरवतात. हे पथ्य न पाळलेली तुलना फारशी कामाची नाही.

या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की झाली. मस्तिष्कमेरुद्रवात प्रतिपिंडे व पूरक प्रथिने तुटपुंजी असल्याने पांढऱ्या पेशी जमूनही हतबल ठरतात. मारण्याचे काम औषधालाच करावे लागते. जंतूंना मारायला परीक्षानळीत जेवढी किमान पातळी पुरते, तिच्या साधारण दहा ते वीसपट औषध द्रवात पोचले तरच पेनिसिलिनवर्गीय औषधांचा मारा पुऱ्या वेगाने होतो. वाढ नुसती रोखणाऱ्या औषधाची जोड उलट अंगावर येते. पेनिसिलिनसोबत ऑरिओमायसिन दिलेले रुग्ण अधिक दगावतात, असे लेपर व डाउलिंग यांना १९५१ मध्येच आढळले होते. पेनिसिलिन व क्लोरॅम्फेनिकॉल यांचा असाच विरोध पुढे कुत्र्यांमध्ये दिसला. कारण उघड आहे : वाढत्या जंतूची भिंत पेनिसिलिन मोडते, आणि वाढच थांबली तर त्याला मोडायला काही उरत नाही.

मात्र भराभर मारणे म्हणजे मेंदू वाचवणे नव्हे. जंतू फुटले की त्यांच्या भिंतीचे तुकडे व न्यूमोलायसिन हे विष द्रवात सांडते आणि सूज भडकते. उंदीर-सशांवरील तुलनेत सेफ्ट्रायाक्झोनपेक्षा रिफॅम्पिसिनने हे द्रव्य कमी सुटले. जंतूला न फोडता मारणाऱ्या डॅप्टोमायसिनने उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूची हानी कमी केली. म्हणजे तुलना केवळ जंतू मोजून संपत नाही. मेंदूचे छेद पाहणे तितकेच गरजेचे ठरते.

सूज दाबणारे डेक्सामेथासोनही सशांमध्ये आधी तपासले गेले. २००२ मध्ये युरोपातील ३०१ प्रौढांच्या चाचणीत त्याचा उपयोग सिद्ध झाला. न्यूमोकॉकसच्या रुग्णांत मृत्यू ३४ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले. पण सूज उतरली की आवरणांतून व्हँकोमायसिन कमी झिरपते, हेही सशांनीच दाखवले. पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जंतूंसाठी सेफ्ट्रायाक्झोन व व्हँकोमायसिनची जोडी देतात, तिथे ही अडचण खरी बोचते. अशा वेळी रिफॅम्पिसिन जोडण्याचा पर्याय विचारात घेतला जातो.

प्रारूपाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. सशात जंतू थेट द्रवात टोचलेले असतात. माणसात ते नाकाघशातून रक्तात व तिथून आवरणांत शिरतात, आणि रुग्ण दवाखान्यात येतो तेव्हा आजाराला किती तास झाले हे बहुधा कुणालाच ठाऊक नसते.