जस्त ऑक्साइड नॅनोकणांचे वनस्पतिजन्य संश्लेषण

जस्ताच्या क्षारांपासून वनस्पतींच्या अर्काच्या साहाय्याने जस्त ऑक्साइडचे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण तयार करण्याच्या पद्धतीस वनस्पतिजन्य किंवा हरित संश्लेषण म्हणतात. घातक रसायनांचा वापर कमी करणे हा तिचा मुख्य हेतू आहे. हे तत्त्व पॉल अनास्तास व जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या हरित रसायनशास्त्राच्या १२ तत्त्वांशी सुसंगत आहे.

कृती
कडुनिंब, तुळस, कोरफड इत्यादी वनस्पतींची पाने ऊर्ध्वपातित पाण्यात उकळून अर्क गाळून घेतात. त्यात झिंक नायट्रेट किंवा झिंक ॲसिटेट मिसळून मिश्रण ढवळत तापवतात. मिळालेला साका वाळवून भट्टीत सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमानास भाजल्यावर पांढरे चूर्ण मिळते.

अर्काचे कार्य
चांदीचे नॅनोकण तयार होताना अर्कातील घटक चांदीच्या आयनांचे क्षपण करतात. जस्त ऑक्साइडच्या बाबतीत तसे होत नाही. क्षारात व ऑक्साइडात जस्ताची ऑक्सिडीकरण अवस्था +२ हीच राहते. येथे पॉलिफिनॉले, फ्लॅव्होनॉइडे व प्रथिने जस्ताच्या आयनांशी जटिल संयुगे बनवतात आणि कणांची वाढ मर्यादित ठेवतात. भाजताना या सेंद्रिय घटकांचे बहुतांशी ज्वलन होते. त्यामुळे वनस्पतीचे औषधी गुण अंतिम चूर्णात उतरतात असे गृहीत धरता येत नाही.

तपासणी
क्ष-किरण विवर्तनाने कणांची षट्कोनी स्फटिकरचना, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने आकार व घडण कळते. जस्त ऑक्साइड सुमारे ३८० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे जंबुपार किरण शोषून घेते.

उपयोग
जंबुपार किरणे शोषण्याच्या गुणामुळे जस्त ऑक्साइडचे नॅनोकण सूर्यकिरणरोधक मलमांत वापरतात. प्रकाश-उत्प्रेरक म्हणून ते सांडपाण्यातील मिथिलीन ब्लूसारख्या रंगद्रव्यांचे विघटन घडवतात. जीवाणूरोधक लेप, वायुसंवेदक आणि पिकांना जस्तपुरवठा यांसाठीही वनस्पतिजन्य कणांवर संशोधन होत आहे. भारतातील अनेक जमिनींत जस्ताची कमतरता असल्याने शेवटचा उपयोग येथे महत्त्वाचा ठरतो.

मर्यादा
ऋतू, जमीन व पानांचे वय यांनुसार अर्काची घटना बदलते. त्यामुळे प्रत्येक वेळी एकसारखे कण मिळवणे आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन करणे अवघड जाते. भट्टीसाठी लागणारी ऊर्जाही हिशेबात धरावी लागते. पाण्यात कणांपासून सुटणारे जस्ताचे आयन शैवाले व इतर जलचरांना अपायकारक ठरू शकतात. म्हणून निर्मितीची पद्धत हरित असली, तरी कणांची विषालुता स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक असते.