आठवड्याची कादंबरी आणि निःपक्ष अभिप्राय : लंडनच्या 'अथेनियम' साप्ताहिकाचा अनुभव (१८२८ ते १८८०)

प्रास्ताविक

दर आठवड्याला एक नवी कादंबरी वाचावी आणि तिच्याविषयीचे मत आडपडदा न ठेवता सांगावे, ही गोष्ट वरकरणी अगदी साधी वाटते. वाचकाजवळ थोडी सवड आणि थोडा धीटपणा असला की पुरे, असा सर्वसाधारण समज असतो. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडचा वाङ्मयीन इतिहास मात्र वेगळेच सांगतो. तेथे कादंबरीविषयीचे प्रामाणिक मत ही केवळ व्यक्तीच्या स्वभावाची बाब राहिली नव्हती. नियतकालिकाची मालकी, पुस्तकांच्या किमती, वाचनालयांची वर्गणी आणि परीक्षकाची अनामिकता या सर्वांवर ते अवलंबून होते. 'अथेनियम' या साप्ताहिकाच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

भलामणीचा व्यापार

वृत्तपत्रांतून पैसे मोजून स्तुती छापून आणण्याची रीत इंग्लंडमध्ये जुनी होती. शेरिडन या नाटककाराने १७७९ मधील 'द क्रिटिक' या नाटकात 'मिस्टर पफ' हे पात्र उभे करून तिची थट्टा केली होती. 'पफ' म्हणजे फुंकर मारून फुगवलेली स्तुती. मराठीत तिला भलामण म्हणता येईल. १८२० नंतरच्या दशकात हेन्री कोलबर्न या प्रकाशकाने या भलामणीला पद्धतशीर व्यापाराचे रूप दिले. उच्चभ्रू समाजाचे चित्रण करणाऱ्या कादंबऱ्या त्याने मोठ्या प्रमाणात काढल्या आणि त्यांच्या जाहिरातींवर सढळ हाताने खर्च केला. 'लिटररी गॅझेट' या त्या काळातील वजनदार साप्ताहिकात त्याची भागीदारी होती. पुस्तक काढणारा आणि पुस्तकाची पारख करणाऱ्या पत्राचा भागीदार एकच असला म्हणजे परीक्षणाचे स्वरूप काय होणार, हे वेगळे सांगावयास नको.

या प्रकाराविरुद्ध मेकॉले यांनी एप्रिल १८३० मध्ये 'एडिंबरो रिव्ह्यू'त कोरडे ओढले. रॉबर्ट मॉन्टगोमेरी या कवीच्या काव्याचे परीक्षण हे त्या लेखाचे निमित्त होते; खरा रोख मात्र विकत घेतलेल्या कीर्तीवर होता. तथापि एका लेखाने व्यापार थांबत नाही. त्यासाठी आठवड्यामागून आठवडे चालणारी व्यवस्था हवी होती.

डिल्क यांचे धोरण

'अथेनियम' २ जानेवारी १८२८ रोजी जेम्स सिल्क बकिंगहॅम यांनी सुरू केले. बकिंगहॅम यांचे नाव भारतीय वृत्तपत्रांच्या इतिहासात सुपरिचित आहे. १८१८ मध्ये त्यांनी 'कलकत्ता जर्नल' काढले आणि कंपनी सरकारवरील टीकेपायी १८२३ मध्ये त्यांना हिंदुस्थानातून हद्दपार व्हावे लागले. लंडनमधील त्यांचा हा नवा उद्योग मात्र त्यांच्या हाती फार काळ राहिला नाही. १८३० मध्ये चार्ल्स वेंटवर्थ डिल्क यांनी पत्राची सूत्रे घेतली, आणि पत्राला त्याचे खरे वळण तेव्हा लागले.

डिल्क यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे, १८३१ मध्ये अंकाची किंमत आठ पेन्सवरून चार पेन्सवर आणली. हा निर्णय केवळ व्यापारी नव्हता. प्रकाशकांच्या जाहिरातींवर जगणाऱ्या पत्राला प्रकाशक दुखावून चालत नाही. ज्याचे वाचक पुष्कळ, त्याला ती भीती कमी असते. दुसरी गोष्ट अधिक कठीण होती. लेखक-प्रकाशकांच्या मेजवान्या आणि बैठका यांपासून त्यांनी स्वतःस दूर ठेवले. कीट्ससारख्या कवीचा स्नेह लाभलेल्या रसिकाला हा एकांत सुखाचा वाटला असेल असे नाही. परंतु काल ज्याच्या पंक्तीस बसलो त्याच्या पुस्तकाविषयी आज परखडपणे लिहिणे अवघड असते, हे त्यांनी ओळखले होते.

वाचकांची गरज

अशा अभिप्रायाची निकड वाचकाला का भासत होती, हे कादंबरीच्या किमतीवरून कळते. वॉल्टर स्कॉट यांच्या 'केनिलवर्थ'पासून (१८२१) तीन खंडांच्या कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग अशी रूढ झाली आणि ती जवळजवळ शतकाच्या अखेरीपर्यंत टिकली. ही रक्कम सामान्य मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेरची होती. म्हणून लोक कादंबरी विकत घेत नसत. वर्गणी भरून वाचनालयातून आणीत. १८४२ मध्ये पुस्तके देऊ लागलेल्या चार्ल्स एडवर्ड म्यूडी यांच्या वाचनालयाची वार्षिक वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग होती आणि तीत एका वेळी एक खंड मिळे. एका कादंबरीच्या किमतीपेक्षा वर्षभराचे वाचन स्वस्त पडत होते.

यामुळे आठवड्याला नवी कादंबरी वाचणारा मोठा वर्ग निर्माण झाला. पण त्याच्या निवडीवर नवे नियंत्रणही आले. म्यूडी यांनी घाऊक प्रती घेतल्या तर कादंबरी तरली आणि अनीतीच्या संशयावरून नाकारल्या तर ती बुडाली, अशी स्थिती झाली. एकीकडे प्रकाशकाची भलामण आणि दुसरीकडे वाचनालयाचा सोवळेपणा, या दोहोंच्या मधोमध उभ्या असलेल्या वाचकाला शनिवारी हाती पडणारा तिसरा अभिप्राय हवा होता.

जेराल्डिन ज्यूसबरी : अनामिक परीक्षक

हा अभिप्राय देणाऱ्यांत जेराल्डिन ज्यूसबरी (१८१२–१८८०) यांचे काम विशेष लक्षणीय आहे. मँचेस्टरमध्ये दीर्घकाळ राहिलेल्या या लेखिकेने 'झोई' (१८४५), 'द हाफ सिस्टर्स' (१८४८) अशा कादंबऱ्या लिहिल्या होत्या. १८४९ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी 'अथेनियम'साठी दोन हजार तीनशेच्या आसपास परीक्षणे लिहिली. एकतीस वर्षांचा हिशेब केला तर दर दोन आठवड्यांना सुमारे तीन पुस्तके येतात. त्यांत अन्य प्रकारची पुस्तकेही होती. तथापि कादंबऱ्यांचा वाटा मोठा होता. जॉर्ज एलियट यांच्या 'ॲडम बीड'चे (१८५९) त्यांनी मनापासून स्वागत केले. हिंदुस्थानातील देवमूर्तीच्या रत्नाभोवती गुंफलेल्या विल्की कॉलिन्स यांच्या 'द मूनस्टोन'चे (१८६८) परीक्षणही त्यांचेच.

यांपैकी एकाही परीक्षणाखाली त्यांचे नाव छापलेले नव्हते. 'अथेनियम'चे सर्व परीक्षक अनामिक असत आणि 'आम्ही' या संपादकीय सर्वनामाने लिहीत. संपादकीय कचेरीतील प्रतींवर प्रत्येक मजकुरासमोर लेखकाचे नाव हाताने लिहून ठेवले जाई. या खुणा केलेल्या प्रती पुढे लंडनच्या सिटी विद्यापीठात जतन झाल्या, म्हणूनच ज्यूसबरी यांचे काम अभ्यासकांना ओळखता आले.

या अनामिकतेचा लाभ उघड होता. नाव झाकलेले असल्यामुळे परीक्षकाला परिचितांचा रोष पत्करावा लागत नसे. शिवाय स्त्रीचे मत म्हणून ते बाजूला सारले जाण्याची शक्यताही उरत नसे. परंतु याच पडद्याआड दुसरी अडचण दडली होती. ज्यूसबरी या रिचर्ड बेंटली या प्रकाशकाच्या सल्लागार वाचकही होत्या. हस्तलिखिते वाचून ती स्वीकारावीत की नाही, हे त्या सांगत. दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने नाकारलेली मिसेस हेन्री वुड यांची 'ईस्ट लिन' (१८६१) बेंटली यांनी त्यांच्या शिफारशीनंतर छापली आणि ती अफाट खपली. जी व्यक्ती प्रकाशकाला सल्ला देते तीच त्या व्यवसायातील पुस्तकांची सार्वजनिक पारखही करते, हे जाणण्याचा कोणताही मार्ग वाचकापाशी नव्हता. ज्यूसबरी यांनी या स्थितीचा गैरफायदा घेतला असे येथे सुचवावयाचे नाही. प्रश्न व्यक्तीच्या सचोटीचा नसून वाचकाच्या विश्वासाचा आहे.

प्रामाणिक मत आणि अचूक मत

प्रामाणिक मत अचूकच असते असेही नाही. एमिली ब्राँटी यांची 'वुदरिंग हाइट्स' १८४७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा 'अथेनियम'चे परीक्षक एच. एफ. चॉर्ली यांना ती अप्रिय वाटली. पुढच्या पिढ्यांनी तिला इंग्रजीतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत स्थान दिले. साप्ताहिक वाचनाची ही अंगभूत मर्यादा आहे. सात दिवसांत वाचून लिहून मोकळे व्हावयाचे असते. कृती मनात मुरण्यास वेळ मिळत नाही. तरीही चॉर्ली यांची चूक आणि कोलबर्नची भलामण या एका तोलाच्या गोष्टी नव्हेत. चुकलेल्या मताशी वाचक वाद घालू शकतो. विकत घेतलेल्या मताशी वाद संभवत नाही, कारण तेथे मतच नसते.

समारोप

मराठीतही हा प्रश्न लवकरच उभा राहिला. 'विविधज्ञानविस्तार' हे मासिक १८६७ मध्ये निघाले आणि त्यात ग्रंथपरीक्षणांना स्थान मिळाले. १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी 'निबंधमाला' सुरू केली. मेकॉले यांच्या गद्याचा प्रभाव शास्त्रीबोवांवर होता, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्यांची वाट 'अथेनियम'च्या उलट होती. मालेतील बहुतांश लेखन त्यांचे एकहाती असल्यामुळे मत कोणाचे, हे वाचकाला पक्के ठाऊक असे. लंडनच्या साप्ताहिकाने नाव झाकून निर्भयता मिळवली. पुण्याच्या शास्त्र्यांनी नाव पुढे करून ती मिळवली.

दोन्ही वाटांना आपापली किंमत होती. पहिल्या वाटेवर वाचकाला परीक्षकाचे हितसंबंध दिसत नव्हते, तर दुसऱ्या वाटेवर टीकाकाराला सर्व रोष एकट्याने सोसावा लागत होता. या इतिहासावरून एवढे निश्चित म्हणता येते की, निर्भीड अभिप्राय आपोआप उगवत नाही. कोणाला तरी अंकाची किंमत उतरवावी लागते, कोणाला मेजवानी नाकारावी लागते आणि कोणाला एकतीस वर्षे नावाविना लिहीत राहावे लागते. तेव्हा कोठे एखाद्या वाचकाला शनिवारी संध्याकाळी कळते की, या आठवड्यात कोणती कादंबरी घरी आणावी.