बांगलादेश अग्नी व इमारत सुरक्षा करार

तयार कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांच्या जीविताच्या रक्षणासाठी विदेशी कंपन्या व कामगार संघटना यांनी मे २०१३ मध्ये केलेला करार. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसे दगावली. आदल्या दिवशी तडे दिसताच इमारतीतील बँक बंद झाली. तेथील शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावले गेले. इंडस्ट्रीऑल व युनी या जागतिक कामगार महासंघांबरोबर एचअँडएम, इंडिटेक्ससह २०० हून अधिक कंपन्यांनी करारावर सह्या केल्या. ऐच्छिक आचारसंहितांपेक्षा हा करार मोलाचा ठरला, कारण तो कायद्याने बंधनकारक होता: शब्द मोडणाऱ्या कंपनीला लवादापुढे खेचता येत असे. स्वतंत्र अभियंत्यांच्या तपासण्यांनंतर अनेक कारखान्यांत जिन्यावरची कुलूपबंद दारे जाऊन अग्निरोधक दारे आली. २०२० मध्ये तपासणीचे काम स्थानिक आरएमजी सस्टेनेबिलिटी कौन्सिलकडे गेले. २०२१ मध्ये या कराराच्या जागी आंतरराष्ट्रीय करार लागू झाला.